पहिल्या गाडीचा विमा घेताना

ताई, नव्या गाडीचं अभिनंदन! थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच, पण तो फक्त समोरच्याचं नुकसान भरतो. स्वतःच्या गाडीसाठी ओन डॅमेज हवा. दोन्ही मिळून कॉम्प्रिहेन्सिव्ह.

वडोदऱ्यात मात्र खरी काळजी विश्वामित्री नदीच्या पुराच्या पाण्याची. पार्किंगमध्ये पाणी शिरून सीट, वायरिंग भिजलं तर ते ओन डॅमेजमध्ये येतं. पण बुडालेली गाडी स्टार्ट केली, इंजिनाने पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, की क्लेम बहुधा नाकारतात. म्हणून इंजिन प्रोटेक्शन हे जादा कव्हर घ्याच. तरीही चावी फिरवू नका, टो करूनच न्या.

नवखे इथे चुकतात:
- हप्ता वाचवायला आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, उतरवतात. गाडी चोरीला गेली तर तेवढेच हातात येतात.
- झीरो डेप, म्हणजे पार्ट्सची झीज न कापता पैसे देणारं जादा कव्हर, टाळतात. मग बंपरचे निम्मे पैसे खिशातून.
- रिन्यूअल विसरतात. विमा संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला.