मुलीला रेडिओलॉजीला घालू का? रेडिएशनची भीती वाटते

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र वाचलं. मुलीला बारावीला फिजिक्समध्ये 88, बायोलॉजीत 56, नीटमध्ये जमलं नाही, आणि आता तिला बीएस्सी रेडिओलॉजी करून एक्स-रे, सीटी, एमआरआयचं काम करायचंय. तुम्ही म्हणताय नको, रेडिएशनने पुढे मूलबाळ होणार नाही, त्यापेक्षा नीट रिपीट कर.

मार्कांचं नंतर बघू. मला खटकली ती पुतण्याबद्दलची ओळ. तो नाशिकला हाच कोर्स करतोय आणि तुम्ही लिहिलंय 'तो मुलगा आहे, चालून जातं'. कसं काय चालून जातं? डोस प्रमाणाबाहेर गेला तर पुरुषालाही तोच त्रास होऊ शकतो, मग त्याच्या अॅडमिशनच्या वेळी घरात कोणी हा विषय का नाही काढला? राग मानू नका पण तुम्हाला धास्ती रेडिएशनची नाहीये, उद्या स्थळ घेऊन येणारे काय विचारतील याची आहे, आणि पोरीचं वय अजून अठरा. अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं किती, तर 'ती ऐकत नाही' एवढंच.

आता तुमचा गैरसमज. तुम्ही मोबाईल टॉवर, वायफाय, एमआरआय, एक्स-रे, सोनोग्राफी सगळं 'रेडिएशन' म्हणून एकाच पोत्यात भरलंय. रेडिओ लहरी, मायक्रोवेव्ह, टीव्हीच्या रिमोटचं इन्फ्रारेड, डोळ्याला दिसणारा उजेड, पाण्याच्या फिल्टरमधला यूव्ही दिवा, एक्स-रे ही सगळी एकाच जातीची लहर, फरक फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात याचा, पण तो फरक केवढा, तर वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि एक्स-रेची फ्रिक्वेन्सी त्याच्या काही अब्जपट असते. अणूतला इलेक्ट्रॉन उडवून पेशीतल्या डीएनएला धक्का लावायची ताकद वरच्या टोकाला, जोरदार यूव्हीच्या पुढे येते. खालच्या लहरी फार झाल्या तर गरम करतात, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तेच होतं. एमआरआयमध्ये तर एक्स-रे नसतोच, मोठं चुंबक असतं आणि दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनला साधारण 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी, म्हणजे तुमच्या एफएमच्या 88 च्याही खाली. आणि सोनोग्राफी हा नुसता आवाज आहे, या कुटुंबातलाच नाही. 'निदान सोनोग्राफीचा कोर्स सांगा' म्हणालात, तर आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्यामुळे, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यामुळे, गरोदर बाईची सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करू शकतो, त्यामुळे तो रस्ता विसरा.

राहिले एक्स-रे आणि सीटी, तिथे धोका खरा आहे, नाही म्हणणार नाही. पण बटण सोडलं की एक्स-रे संपला, खोलीत काही साठून राहत नाही. टेक्निशियन शिशाच्या आडोशामागे उभा असतो, छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो, आणि एईआरबीची, म्हणजे देशाच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप) आहे. गरोदरपणात तर पोटातल्या बाळासाठी मर्यादा फक्त 1 मिलिसिव्हर्ट, म्हणून सांगितल्यावर ड्युटी बदलून द्यावी लागते. खरी भानगड गल्लीबोळातल्या सेंटरांची, जिथे बॅज देत नाहीत आणि टेक्निशियनलाच पेशंट धरायला लावतात. तिथे नोकरी करायची नाही, मुलीनेही नाही आणि पुतण्यानेही नाही. त्याला आज फोन करून विचारा, बॅज मिळालाय का.

नीट रिपीटबद्दल एकच ओळ: बायोलॉजीत 56 असलेल्या आणि डॉक्टर व्हायचंच नसलेल्या मुलीचं वर्ष घालवू नका.

उलट मी तुमच्या अगदी विरुद्ध सुचवतोय. फिजिक्स एवढं चांगलं असेल तर टेक्निशियनवर का थांबायचं? बीएस्सी आणि एमएस्सी फिजिक्स, मग बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्र) रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, की मेडिकल फिजिसिस्ट. कॅन्सरच्या पेशंटला किरणांचा डोस किती आणि कुठून द्यायचा याचं गणित हे लोक करतात. रस्ता लांब आहे, डिप्लोम्याच्या जागा मोजक्या, आणि घरी लवकर पगार हवा असेल तर तिचा रेडिओलॉजीचा विचार जास्त शहाणपणाचा ठरेल. पण हे तिने ठरवायचं. आणि हो, ज्याला घाबरताय त्या किरणांशी इथे आणखी जवळचा संबंध येतो.

पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, पाठवायच्या आधी वाचू नका. आणि रिपीटर बॅचची फी भरून टाकली असेल तर परत किती मिळते ते आजच विचारून ठेवा.