सॅलीमावशीचं ‘बरं झालं’

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय मुली,

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’च्या अनुवादाची कच्ची पानं मिळाली. संपादकांच्या पेन्सिलीच्या खुणाही पाहिल्या. शाळेसाठी आवृत्ती आहे, तेव्हा ‘तो’ शब्द, म्हणजे काळ्या माणसांना हिणवणारी ‘एन’पासूनची इंग्रजी शिवी, सगळीकडून काढा नाहीतर ‘गुलाम’ करा, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत २०११ साली अशी आवृत्ती निघालीच आहे, दोनशेहून जास्त ठिकाणी शब्द बदलून. तीही पुस्तक वर्गात टिकावं म्हणून धडपडणाऱ्या एका प्राध्यापकानं काढली. म्हणून संपादकांशी बोलताना आवाज चढवू नकोस. (१८८५मध्ये कॉन्कर्डच्या वाचनालयानं हेच पुस्तक कपाटातून काढलं होतं, ते भाषा गावंढळ म्हणून. आक्षेप या शब्दावर नव्हताच!)

त्यांच्यापुढे फक्त सहावं प्रकरण ठेव. हकचा दारुडा बाप ओहायोच्या एका मिश्रवंशीय प्राध्यापकावर ‘तो’ शब्द वापरून आग पाखडतो. त्या माणसाचा सदरा पांढराशुभ्र, घड्याळ सोन्याचं, आणि त्याच्या गावी त्याला मतही देता येतं. तिथं ‘गुलाम’ घालून बघ. तो गुलाम नाही, हेच तर बापाचं दुखणं.

मग बत्तिसावं. सॅलीमावशी भली बाई, पोराला बघून हरखलेली. हक थाप मारतो की बोटीवर स्फोट झाला. कुणाला लागलं का, मावशी विचारते. नाही, एक ‘तो’ मेला, असं हक सांगतो. बरं झालं, कधीकधी माणसांना लागतं, असं म्हणून मावशी पुढं बोलत सुटते. कुठं आवेश नाही, शिवी दिल्याची जाणीव नाही. मेलेला तिच्या हिशेबात माणसांत धरलेलाच नाही. शब्द काढलास की ती नुसती प्रेमळ मावशी उरते.

मराठीत काय लिहायचं, हा तुझा खरा पेच. तू ‘हबशी’ लिहिलंस, ते काढ. आपल्याकडे हबशी म्हटलं की मलिक अंबर आठवतो, जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. त्या शब्दाच्या कमरेला तलवार आहे. ‘काळ्या’ म्हणशील तर आपल्या आया लेकरांना लाडानंही तसं म्हणतात. मी मूळ शब्दच देवनागरीत ठेवला असता आणि सुरुवातीला चार ओळींत त्याचं वजन सांगितलं असतं.

लांबच्या देशाची गोष्ट, थोडी सौम्य केली तर काय बिघडलं, असं कुणी म्हणालं तर त्यांना कमाटीबागेत घेऊन जा. १९१७मध्ये आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याच्या नोकरीत आले. पारशी उतारशाळेत नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात. आंबेडकरांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. तुम्ही आलात तर माझे नोकर जातील, असं हिंदू मित्र म्हणाला. ख्रिस्ती मित्राला आधी बायकोला विचारायचं होतं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ आंबेडकरांनी या बागेत काढला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मला काठ्यांपेक्षा ते दोन सज्जन मित्र जास्त छळतात. सॅलीमावशीचेच भाऊबंद.

आता माझी चूक. नोकरीत नवा असताना एका मराठी कथेतली जातीवाचक शिवी मी वर्गात अगदी आवाज काढून, नाटकीपणे वाचली. पोरं हसली. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा पेनाचं टोपण काढत-लावत बसला, घंटा होईपर्यंत. मला वाटलं, तास रंगला. टोपणाचा अर्थ लागायला मला फार वर्षं लागली.

म्हणून शिक्षकांसाठीच्या टिपेत ठळक लिही: शब्द छापलेला राहील, पण तो कुणा मुलाला मोठ्यानं वाचायला लावू नये, आणि शिक्षकानंही वर्गात उच्चारू नये. सातवीला झेपत नसेल तर नववीला द्या. कापून सातवीला नको. संपादक अडून बसले तर अनुवादावरून तुझं नाव काढून घे. मानधन बुडेल, ते मला माहीत आहे.

बत्तिसाव्याचे दोन खर्डे कर आणि रविवारी घेऊन ये. मावशीचं ‘बरं झालं’ अजून जमलेलं नाही. तुझ्या खर्ड्यात ती दुष्ट वाटते. लीलो चिवडो आणून ठेवतो.

तुझा,
सर