बेताच्या खर्चात प्रोसेसर कोणता घ्यावा?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे संपादन करून देतो आणि फावल्या वेळी गेम खेळतो. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षीच घेता येईल. इंटेल कोअर आय५-१२४०० घ्यावा की एएमडी रायझन ५ ५६००जी? दुकानदार स्वस्त म्हणून १२४००एफ सुचवतात.

उत्तर : प्रथम १२४००एफ बाजूला ठेवा. त्यात अंगभूत ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोसेसरमधलाच भाग) नसल्यामुळे, वेगळे कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही.

उरलेल्या दोन्ही प्रोसेसरांत ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) व १२ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारे कामांचे प्रवाह) आहेत. कार्डाशिवाय गेम खेळायचे, तर ५६००जीचे अंगभूत ग्राफिक्स निश्चितच सरस आहे. परंतु आपले उत्पन्न संपादनावर अवलंबून आहे, आणि तेथे १२४००मधील क्विक सिंक ही सोय फार उपयोगी पडते. कॅमेऱ्यातून येणारे एच.२६४ आणि एच.२६५ प्रकारचे व्हिडिओ उलगडण्याचे काम ती वेगळ्या यंत्रणेकडे सोपवत असल्यामुळे, ती वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन अडखळत नाही. शिवाय ५६००जीमध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरमधील जलद स्मृती) १६ एमबीच असल्यामुळे, पुढे चांगले कार्ड लावल्यावर गेममध्येही तो मागे पडतो. म्हणून माझे मत १२४००च्या बाजूने आहे.

रॅम मात्र एकच १६ जीबीची पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्या. प्रोसेसर व रॅम यांच्यात दोन चॅनेल (माहितीचे मार्ग) मिळाल्याने अंगभूत ग्राफिक्सचा वेग स्पष्टपणे वाढतो.