बीपी नॉर्मल होतं, मग शॉक कसला?

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे ७१ वर्षांचे, आम्ही लालबागला राहतो. ऑगस्टमध्ये एका सकाळी ते मोरीतून येताना भिंत धरून खालीच बसले. बनियन घामाने ओलंचिंब, पण अंग गार. घरच्या मशीनवर बीपी ११२/८८, नाडी ८२. ‘नॉर्मल आहे’ म्हणून लिंबूसरबत देऊन आम्ही तासभर थांबलो. मग टॅक्सीने हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचं नख दाबून पाहिलं, लेंगा वर करून गुडघे पाहिले आणि ‘शॉकमध्ये आहेत’ म्हणत थेट आत घेतलं. नंतर कळलं की दोन दिवस काळी शी होत होती, ते लाजेने बोलले नव्हते. आता घरी आहेत, बरे आहेत. एरवी बीपी १६०/९० असतं, मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी चालू आहे. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्याही घ्यायचे. आमचे शेजारी म्हणतात, बीपी चांगलं असताना शॉक सांगणं म्हणजे बिल फुगवणं. खरं काय?
– एक सून, लालबाग

उत्तर : शेजाऱ्यांना चहाला बोलवा आणि हे वाचून दाखवा. त्या डॉक्टरीणबाई शंभर टक्के बरोबर होत्या.

लालबागच्या माणसाला पाण्याचा चावीवाला माहीत असतो. पाणी कमी असलं की तो काही गल्ल्यांच्या चाव्या आवळतो. मुख्य लाइनला प्रेशर राहतं, तुमचा नळ मात्र नुसता सूं सूं करतो. रक्त कमी पडलं की शरीर हेच करतं : कातडी, आतडी, किडनी यांच्या चाव्या आवळतं आणि मेंदू-हृदयाची धार चालू ठेवतं. बीपीचं मशीन मोजतं ते मुख्य लाइनचं प्रेशर. धडधाकट माणसाचं ३० टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत वरचा आकडा टिकून राहू शकतो. शॉक म्हणजे पेशींना ऑक्सिजन पुरेनासा होणं. तो नळावर आधी दिसतो, मशीनवर नंतर.

म्हणून बाईंनी नळ तपासले. नख पाच सेकंद दाबून सोडलं की पांढरेपणा दोनेक सेकंदांत जायला हवा. तीनच्या पुढे गेला की मी खुर्चीतून उठतो. (एसीत गारठलेल्या हाताचं नख फसवतं, म्हातारपणीही थोडा उशीर लागतो.) गुडघ्याच्या वाटीभोवती निळसर जाळीदार चट्टे उठतात. सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून पालथा हात पावलापासून वर न्यायचा आणि गारवा कुठे संपतो ते बघायचं. दुसरा नळ लघवीचा : साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली तरी व्हायला हवी. तिसरा मेंदूचा. गप्प, सुस्त, किंवा उगाच चिडचिड करणारा पेशंट ‘झोपलाय’ म्हणून सोडायचा नसतो.

आता तुमचे आकडे. १६० वाल्याचं ११२ हे नॉर्मल नव्हे, ते पडलेलं बीपी आहे. नाडी ८२ च का? मेटोप्रोलॉल नाडी मंदावतं, त्याने लगाम धरला होता, नाहीतर ती ११०-१२० ला पळाली असती. आम्ही नाडीला वरच्या बीपीने भागतो, ०.५ ते ०.७ ठीक, १ कडे सरकलं की धोका. इथे येतं ०.७३. गोळीने हे गणितही गुळगुळीत करून टाकलं. पण ११२ आणि ८८ मधलं अंतर बघा : फक्त २४. धडधाकट माणसात ते ४० च्या आसपास असतं, तुमच्या सासऱ्यांचं तर एरवी ७०. चाव्या आवळल्या की खालचा आकडा वरच राहतो आणि अंतर आटतं.

हे अंतर मी एका चुकीतून शिकलो. उमेदवारीच्या काळात कॅज्युअल्टीत एक १९ वर्षांचा मुलगा आला होता, डेंग्यूचा. ताप उतरला होता, बीपी १००/८४. मी १०० वाचलं, ८४ वाचलंच नाही, आणि त्याला बाकावर बसवलं. सिस्टरने जाताजाता त्याच्या पावलांना हात लावला आणि माझ्या नावाने ओरडली. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, आणि अंतर २० किंवा त्याखाली म्हणजे शॉक. मुलगा वाचला, सिस्टरच्या कृपेने. तेव्हापासून मी आधी पावलं धरतो, मग केसपेपर.

शॉक आहे हे कळल्यावर कुठला, हे शोधावं लागतं, कारण उपाय उलटसुलट असतात. तुमच्या सासऱ्यांचं रक्त पोटात जात होतं (काळी शी त्याचीच खूण), त्यांना रक्त आणि सलाईन हवं. हार्ट अटॅकने पंपच थकला असेल तर तेच सलाईन फुप्फुसात साचतं. मानेच्या शिरा टरारलेल्या असल्या तर हृदयाकडे किंवा छातीत अडकलेल्या हवेकडे बघायचं. आणि सगळे शॉक गार नसतात. जंतुसंसर्गात सुरुवातीला हातपाय चांगले गरम असतात, तिथे श्वासाचा वेग आणि बरळणं चुगली करतं. खाटेशेजारची सोनोग्राफी, ईसीजी आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ (२ च्या वर गेलं की संशय), हे शॉक आहे का आणि कुठला, ते ठरवण्यासाठीच. बिलात या ओळी असतील, त्या फुगवलेल्या नाहीत.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, त्या विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

प्रश्न : लोकलमध्ये कोणी कोसळलं तर ती साधी चक्कर की शॉक, कसं ओळखावं?
– एक प्रवासी, डोंबिवली

उत्तर : उभ्याने आलेली साधी चक्कर आडवं केलं की एक-दोन मिनिटांत उतरते, माणूस स्वतःचं नाव-गाव सांगतो. आडवं करूनही गार, घामेजलेला, गोंधळलेला राहिला तर पुढच्या स्टेशनला उतरवा, स्टेशन मास्तरला गाठा, १०८ लावा. गर्दी हटवा. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणाऱ्या काकांनाही थोडं लांब उभं करा.