वाचकांचे प्रश्न : सरकारी टेबल आणि खासगी काउंटर

प्रश्न : उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रातून अर्ज केला, त्याला तीन आठवडे झाले. केंद्रवाला म्हणतो, ‘साहेबांच्या लॉगिनला पेंडिंग आहे.’ खासगी कंपनीत असला उशीर कोणी खपवून घेतला असता का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : खपला असता की नाही ते पुढच्या उत्तरात पाहू. आधी तुमच्या दाखल्याचे बघू.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला ती 15 दिवसांची आहे. सेवा देण्याची जबाबदारी एका नेमक्या पदावर टाकलेली असते, म्हणजे ‘पदनिर्देशित अधिकारी’. त्याचे पद, मुदत, फी आणि अपील कोणाकडे करायचे, हे कार्यालयाने फलकावर लावायचे असते. फलक बहुतेक वेळा जिन्याखाली किंवा कपाटामागे सापडतो, पण असतो.

आता पावती काढा. तिच्यावर अर्ज क्रमांक आणि तारीख आहे ना? नसेल, तर केंद्रात नुसती कागदांची झेरॉक्स पडून असण्याची शक्यता मोठी. केंद्र खासगी चालक चालवतो, सही सरकारी अधिकारी करतो. अर्ज ऑनलाइन चढलाच नसेल तर साहेबांचा काही दोष नाही. म्हणून ‘आपले सरकार’ पोर्टलवर क्रमांक टाकून आधी अर्जाची स्थिती बघा. दुसरी मेख म्हणजे ‘त्रुटी’. मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. त्यामुळे चौदाव्या दिवशी ‘तलाठी अहवाल जोडा’ असा शेरा मारून फाइल परत येते. तसे झाले असेल तर कागद त्याच अर्ज क्रमांकावर जोडा. केंद्रवाला ‘नवीनच अर्ज टाकू’ म्हणाला तर नको म्हणा, कारण नव्या क्रमांकाबरोबर दिवस पुन्हा एकपासून सुरू होतात.

मुदत उलटल्यावर किंवा अर्ज फेटाळल्यावर 30 दिवसांत पहिले अपील करा. त्यात अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, मुदत कधी संपली ती तारीख आणि दोन मागण्या पुरतात : ‘दाखला द्यावा’ आणि ‘कलम 10 खाली शास्तीचा (म्हणजे दंडाचा) विचार व्हावा’. पाल्हाळ लावू नका. कोणी पैसे मागितले असतील तर ती तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे वेगळी करा. अपिलात ती मिसळली की मूळ मुद्दा मागे पडतो. पहिल्या अपिलात काम झाले नाही तर दुसरे अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग.

वाजवी कारणाशिवाय उशीर केल्याचे ठरले तर शास्ती 500 ते 5,000 रुपये, आणि ती त्या अधिकाऱ्याच्या खिशातून. तुमच्या हातात मात्र त्यातला एक रुपयाही पडत नाही.

प्रश्न : गृहकर्ज फेडून दीड महिना झाला. खासगी बँक घराची मूळ कागदपत्रे देत नाही. फोन केला की नवे तिकीट (तक्रार क्रमांक), दोन दिवसांनी ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : ‘खासगीत चालले असते का’ याचे उत्तर हेच. चालते, आणि चकाचक इंग्रजीत चालते.

रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे : कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत करायची आणि तारण म्हणून नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला. तुमचे 45 दिवस झाले असतील, तर 15 दिवसांचे 75,000 रुपये होतात. कागदपत्रे हरवली असतील तर बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, पण नकला काढायला मदत करायची आणि खर्चही तिनेच सोसायचा. हा नियम सरकारी बँकांनाही तसाच्या तसा आहे.

फोन बंद करा. फोनवरच्या तक्रारीचा पुरावा बँकेच्या हातात राहतो, तुमच्या नाही. तक्रार कक्षाला ईमेल करा : कर्ज खाते क्रमांक, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख, कर्ज फिटल्याचे पत्र जोडलेले, आणि प्रतिदिन भरपाईची स्पष्ट मागणी. पुढची प्रत्येक आठवण त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा. उत्तर आले नाही तर या लेखी तक्रारीपासून 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर जाता येते. असमाधानकारक उत्तर आले तर थांबायची गरज नाही. फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल अर्ज दाखलच करून घेत नाहीत, आणि पुष्कळ अर्ज इथेच बाद होतात.

प्रश्न : मग सगळ्याच सेवा खासगी केल्या तर? (एक वाचक, लातूर)

उत्तर : पासपोर्ट केंद्रात अर्धे उत्तर दिसते. ‘ए’ काउंटरवर कागद तपासणारे, फोटो आणि बोटांचे ठसे घेणारे कर्मचारी टीसीएस या खासगी कंपनीचे. ‘बी’ आणि ‘सी’ काउंटरवर पडताळणी आणि मंजुरी देणारे सरकारी अधिकारी. रांग खासगी व्यवस्थापनाने आटोक्यात आली, हे मान्यच करावे लागेल. पण पोलीस पडताळणी अडली तर ‘ए’ काउंटरवाला काहीच करू शकत नाही.

मुंबईत तर वीज बेस्टचीही आहे, टाटा आणि अदानींचीही. तिघांवर वीज नियामक आयोगाची कृतिमानके (सेवा किती वेळात आणि कशी द्यायची याचे नियम) सारखीच, तक्रार मंचाची पायरी सारखी, वर विद्युत लोकपाल. मुदत कोणी ठरवली आणि चुकल्यावर पैसे कोणाला मिळतात, हे आधी विचारा. मालक कोण, हा प्रश्न नंतरचा. आमच्या मते लोकसेवा हक्क कायद्यात मोठी उणीव हीच आहे : दंड आहे, भरपाई नाही. उलट खासगीत भरपाई आहे, पण फाइल कोणाच्या टेबलावर अडली ते नाव कधीच कळत नाही.

सरकारी कार्यालयात ते नाव काढता येते. विलंब प्रतिबंधाच्या 2005 च्या राज्य कायद्याप्रमाणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून फाइलच्या टिपणीच्या पानांची प्रत आणि फाइल कोणाकडे किती दिवस होती, एवढेच मागा. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. ‘कारवाई का झाली नाही’ असे विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारी ‘कायद्याच्या अर्थाने ही माहितीच नव्हे’ म्हणून उत्तर देतात आणि ते त्यांचे बरोबरही असते.

प्रश्न : खासगी बँकेला माहिती अधिकारात अर्ज करता येतो का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : थेट नाही. पण नियामक संस्थेला कायद्याने त्या बँकेकडून जी माहिती घेता येते, ती नियामकाकडे मागता येते. ती मिळेलच असे नाही. दुसऱ्या ग्राहकाची माहिती असेल तर नकारच येईल. स्वतःच्या खात्याचे कागद हवे असतील तर शाखेकडे लेखी मागणे जास्त सोपे.