जावात पीडीएफरिपोर्ट आणि एक्सेलरिपोर्ट या दोन क्लासमध्ये तोच कोड दोनदा लिहावा लागतोय. कसा टाळू?

डेटा आणणे, तारखेनुसार गाळणे, बेरीज काढणे हा क्रम दोन्हीकडे सारखाच असेल आणि फक्त फाइल लिहिण्याची पद्धत वेगळी असेल, तर तो क्रम अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बेस क्लासच्या एका फायनल (सबक्लासला बदलता न येणाऱ्या) मेथडमध्ये ठेवा आणि 'फाइल लिही' एवढीच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (आत कोड नसलेली) मेथड सबक्लासवर, म्हणजे बेस क्लासला एक्स्टेंड करणाऱ्या क्लासवर, सोपवा. जावाची स्वतःची लायब्ररी हेच करते. अ‍ॅब्स्ट्रॅक्टलिस्ट एक्स्टेंड करून तुम्ही फक्त गेट आणि साइझ लिहिलंत, की वाचण्यापुरती लिस्ट तयार. कंटेन्स, इंडेक्सऑफ, इटरेटर सगळं आयतं मिळतं. तिचा सोर्स एकदा उघडून वाचाच, फार सुंदर लिहिलाय.

मात्र 'हा त्याचाच एक प्रकार' असं खरं नातं असेल तरच एक्स्टेंड करा, नुसत्या टायपिंगची बचत म्हणून नको. त्याच लायब्ररीत स्टॅक (शेवटी ठेवलेला घटक आधी बाहेर काढणारा) हा क्लास व्हेक्टर या लिस्टच्या क्लासला एक्स्टेंड करतो, म्हणून व्हेक्टरच्या सगळ्या मेथड त्याला चिकटल्या आणि स्टॅकच्या मधोमधही घटक घुसवता येतो. आता जावाचं डॉक्युमेंटेशनच स्टॅकऐवजी डेक (दोन्ही टोकांना घटक घालता-काढता येणारी रांग) वापरायला सांगतं. तुमचा तारखेनुसार गाळण्याचा कोड उद्या ईमेल पाठवणाऱ्या क्लासलाही लागणार असेल, तर त्या क्लासला रिपोर्टचं मूल करू नका. तो कोड 'तारीखफिल्टर' अशा वेगळ्या क्लासमध्ये काढा आणि ज्याला लागेल त्याला कन्स्ट्रक्टरमधून द्या. टेस्ट लिहितानाही हेच सोपं पडतं.