ड्यूटी संपते, पण पेशंट डोक्यातून जात नाहीत

प्रश्न: ताई, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, सात वर्षं झाली. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन पेशंट गेले, त्यातल्या एका आजोबांचा हात मी शेवटपर्यंत धरून होते, मनात प्रार्थना चालूच होती, तरी ते गेले. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत. रविवारी बहुतेक ड्यूटीच असते त्यामुळे उपासनेलाही जाणं होत नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, विश्वास पक्का असेल तर माणूस असा थकत नाही. माझा विश्वास खरंच कमी पडतोय का?

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. आणि त्या बाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं असेल पण पवित्र शास्त्रात मोठमोठे विश्वासू लोकही थकलेले दिसतात. बायबलमधलं 1 राजे, अध्याय 19 काढ आणि वाच. एलीया, एवढा मोठा संदेष्टा, रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणतो की आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला विश्वास वाढव म्हणत नाही. एलीया झोपतो, देवदूत उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवतो, खा म्हणतो, कारण पुढचा प्रवास तुला झेपणार नाही. देवाचं बोलणं होतं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर, 40 दिवसांनी. आधी झोप आणि जेवण, मग संभाषण, हा क्रम देवानेच लावलेला आहे. मी स्वतः बरीच वर्षं नाईट केल्यात, आणि सलग नाईटनंतर उपाशीपोटी, अर्धवट झोपेत प्रार्थनेला बसून मन लागत नाही म्हणून रडले आहे, म्हणून सांगते.

दुसरं म्हणजे या थकव्याला नाव आहे, बर्नआऊट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात त्याचं वर्णन कामाच्या ठिकाणच्या सततच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था असं केलंय. म्हणजे कारण ड्यूटीत शोधायचं, तुझ्या विश्वासात नाही. त्यामुळे इन्चार्ज सिस्टरशी नाईटबद्दल आणि पेशंटच्या संख्येबद्दल बोल, सुट्टी माग, त्यात अविश्वास काही नाही. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसायचा तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, सरळ सांगितलं की हे काम तुला एकट्याला झेपणार नाही, माणसं वाटून घे, आणि मोशेने ऐकलं (निर्गम 18).

आता प्रार्थनेचं. तू रोज हँडओव्हर देतेस ना, बेड नंबर एक, काय झालं, काय चालू आहे, काय बघायचं राहिलंय, सगळं सांगून झालं की पेशंट पुढच्या सिस्टरचा होतो आणि तू घरी जातेस. मी प्रार्थना तशीच करायला लागले. घरी निघण्याआधी दोन मिनिटं, एकेक पेशंट प्रभूच्या हाती द्यायचा, सुंदर शब्द नकोत, सॅच्युरेशन पडतंय, मुलगी बाहेर रडतेय, मला भीती वाटतेय, एवढंच. स्तोत्र 121 म्हणतं की इस्राएलाचा राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही. हे वचन मला नाईटला फार जवळचं वाटायचं, कारण तो जागा आहे म्हटल्यावर मी झोपले तरी चालणार असतं. आणि शब्द आलेच नाहीत तर स्तोत्र 88 वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, तरी ती प्रार्थनाच आहे.

आजोबा का गेले याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मी खोटं उत्तर देणार नाही. मरण पावलेल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा उठवणार हे माहीत असूनही येशू रडला, एवढं मला माहीत आहे. तू हात धरलास, ते वाया गेलं असं मला कधीच वाटणार नाही.

रविवारचं म्हणशील तर पाळकांना सांग, आठवड्यात दुसऱ्या कुठल्या दिवशी दोघी-तिघींनी एकत्र बसता येईल का बघ, एकटी पडू नकोस. पेशंटसोबत मोठ्याने प्रार्थना करायची झाली तर त्यांनी स्वतः मागितली असेल तरच, आणि हॉस्पिटलच्या नियमात बसत असेल तर, कारण बेडवर पडलेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं. मनातल्या मनात मात्र कितीही कर.

आणि एक, सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल, जेवण जात नसेल किंवा एलीयासारखं जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट आणि घरच्या कुणाला तरी सांग. पेशंटला तू हेच सांगितलं असतंस.

त्या आजोबांचा हँडओव्हर अजून दिलेला दिसत नाही. आज ड्यूटी संपली की त्यांच्यापासून सुरुवात कर.